पोस्टाला जागा पाहिजे

"खोली मिळंल का?"

खिडकीबाहेरून आवाज आला तेव्हा नंदा पत्रांवर शिक्के मारत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "इथं तिकिटं मिळतात. खोली मिळत नाही."

"मग एक तिकीट द्या."

"कुठं पाठवायचंय?"

"मलाच पाठवा की कुठंतरी... जिथं खोली असंल तिथं."

आता मात्र तिनं मान वर केली. अंगात केशरी जाकीट, केसांत माळाची धूळ, हातात पाण्याचा रिकामा कॅन. हसताना त्याची नजर खाली गेली, आणि ते नंदाला आवडलं.

"बरं, पाणी तरी मिळंल का?"

पाणी मिळालं.

तो तेर गावचा राजपाल. पवनचक्कीचं पातं आणणाऱ्या लांबच लांब गाडीपुढं बांबू घेऊन चालायचं आणि आडव्या येणाऱ्या तारा वर उचलून धरायच्या, हे त्याचं काम. झोपायचा गाडीच्या केबिनमध्येच. येरमाळ्याच्या पुढच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या तशी माळेवाडीत माणसं मावेनात. क्रेनवाले आले, वायरमन आले, ड्रायव्हर आले. लोकांनी म्हशी अंगणात बांधल्या आणि गोठ्यांना फरशी टाकून ते भाड्यानं दिले. पूर्वी घरमालक आधी आडनाव विचारायचा. आता आधी भाडं सांगतो, मग आडनाव विचारतो.

नंदा माकणीची. दहावीच्या मार्कांवर तिला या गावचं पोस्ट मिळालं होतं. पण गावच्या पोस्टाला जागा पोस्टमास्तरनंच बघायची असते. पवनचक्क्या यायच्या आधीच तिनं पुतळाबाईंची खोली धरली होती. पुढं टेबल, ते पोस्ट. मधे पडदा. पडद्यामागं ती. ही जागा गेली तर नोकरीही जाणार.

राजपाल रोज संध्याकाळी पाण्याला येऊ लागला. दारातल्या नळाला धार चांगली होती, तरी त्याचा कॅन भरायला लई वेळ लागायचा. एकदा नंदानं बघितलं... तो नळ बारीक सोडत होता.

"मोठा सोडा की. अंधार पडेल."

"मोठ्या धारेनं पाणी सांडतं, मॅडम."

"तेरमध्ये सगळे असंच पाणी भरतात?"

"न्हाय. तिथं एवढं चांगलं पोस्ट न्हाय."

तिनं तोंड फिरवलं. वाऱ्यानं ओढणी उडाली, ती धरायला बरं झालं, नाहीतर हसू दिसलं असतं.

तिला बघायलाही लोक येऊन जात होते. पण ते तिला कमी आणि खोलीला जास्त बघायचे. कंपनीत लागलेल्या एका मुलाची आई तर पडदा सरकवून म्हणाली, "मोरी आतच हाय का? मग झालं की! आमच्या पोराला लांबून यायला नको." मुलगी पसंत पडली की मोरी, ते नंदाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि एक दिवस पुतळाबाई दारात येऊन बसल्या.

"पोरी, क्रेनवाल्यांनी तिप्पट भाडं सांगितलंय. महिनाअखेरीला खोली मोकळी कर."

"मावशी, पोस्ट कुठं नेऊ मी?"

"म्या काय सांगू? एकट्या पोरीला कोण खोली देईना. लग्न करून टाक. जोडप्याला देतात." त्यांनी नळाकडं हनुवटी उडवली. "हा हाय की बांबूवाला. रोज एक कॅन भरायला तासभर लावतोय, आम्हाला काय कळत न्हाय व्हय?"

नळाशी उभ्या राजपालनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून आला. कॅन नळाखाली ठेवला आणि खिडकीशी उभा राहिला.

"मॅडम... म्हणजे नंदा... म्या काल रात्री विचार केला. आपण दोघांनी जर..."

"खोलीसाठी?"

शब्द निघून गेला. नंदाला तो परत घ्यावासा वाटला, पण उशीर झाला होता. राजपालनं नळ बंद केला, अर्धाच भरलेला कॅन उचलला आणि गेला.

मग तो आलाच नाही. नंदा घरोघर जागा विचारत फिरली. देवळामागची खोलीही भाड्यानं गेली होती. संध्याकाळी नळाकडं बघायचं नाही असं ती ठरवायची, आणि बघायची. खोली तर चाललीच होती... पण रडू येत होतं ते खोलीसाठी नव्हतं.

महिना संपत आला तेव्हा राजपाल दारात उभा राहिला. हातात कॅन नव्हता, किल्ली होती. केसांत या वेळी पीठ होतं.

"कल्याणप्पांच्या जुन्या गिरणीची खोली. झाडून, चुना मारून ठेवलीय. पोस्टाला देतो म्हणाले. त्यांच्या आईची पेन्शन इथंच येते. पोस्ट गेलं तर म्हातारीला येरमाळ्याला न्यावं लागंल."

"एकट्या बाईला देणार?"

"म्याबी विचारलं. तर म्हणाले, पोस्टाला काय नवरा लागत न्हाय."

नंदा हसली, आणि हसता हसता डोळे भरले. "आणि तुम्ही कुठं राहणार?"

"इथलं काम संपलं. उद्या गाडी बीडकडं चाललीय." त्यानं किल्ली टेबलावर ठेवली नाही, हातातच फिरवत राहिला. "म्हणून आजच आलो. आता खोली तुमची हाय, आणि मला या गावात खोली नको. आता विचारलं तर... खोलीसाठी विचारलं असं कुणाला म्हणता यायचं न्हाय."

"मग विचारा की."

"विचारलं."

बाहेर वारा सुटला होता. टेबलावरचे कागद फडफडत होते, ते धरायचं तिला सुचलं नाही.

"रविवारी पोस्ट बंद असतं," ती हळूच म्हणाली. "मी माकणीला जाणार आहे. तुम्ही पण या. आईला सांगून ठेवते."

"काय सांगणार?"

"सांगते... माझा माणूस येतोय."

राजपालच्या हातातली किल्ली खाली पडली. ती उचलायला दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.