नववं कलम

धाकट्याला मुलगी झाली, त्याच वर्षी खालच्या दुकानाचा भाडेकरार संपत आला होता. अकरा महिन्यांचा करार, आणि गेली चार वर्षं ताई त्यावर एकच वाक्य लिहून आणायची, ‘भाडे पूर्वीप्रमाणेच’. या वेळी मात्र धाकटा परगावाहून स्वतः नवा मसुदा टाइप करून घेऊन आला. घर दोघा बहीण-भावाच्या नावावर होतं, त्याचा हक्कच होता.

त्यात भाडं दीडपट होतं, आणि शेवटी नववं कलम, ‘भाडेकरूने छतावर ठोकाठोकी करू नये’. तसबिरींना चौकटी करणारा माणूस आपल्याच छताला हातोडी का मारतो, याचं धाकट्याला फार दिवस कुतूहल होतं. ताईला विचारलं की ती विषय बदलायची. आताही ती एवढंच म्हणाली, भाडं पूर्वीचंच राहू दे.

“त्या चौकटवाल्याचं तुला इतकं काय पडलंय, ताई?” त्याने विचारलं.

आईच्या दुखण्यापायी जिने आपलं लग्न मोडलं, तिला सख्ख्या भावाने हे विचारावं... भाडं वाढलं तर चौकटवाला दुकान सोडेल, आणि मग आपण इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला गेल्यावर आईचं काय, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

चौकटवाला वर आला. डोळ्यांजवळ कागद धरून सावकाश वाचला, भाड्याच्या आकड्याशी जरा थांबला, पुढे गेला.

“भाडं वाढवा, साहेब. ओढाताण होईल, पण देईन. हे नववं मात्र खोडा.”

धाकटा हसला. म्हणाला, लोक पैशासाठी भांडतात, तुम्ही ठोकण्यासाठी?

तेवढ्यात घड्याळात अकरा वाजले. चौकटवाल्याने कमरेची हातोडी काढली आणि दांड्याने जमिनीवर तीनदा ठोकलं. आतल्या खोलीतून काठीचे दोन ठोके आले.

“काय आहे हे?”

“आईंना झटके येतात. ताई कामावर असतात तेव्हा मी दर तासाला खालून विचारतो, त्या वरून सांगतात. उत्तर आलं नाही की धावतो. दोनदा धावलोय.”

धाकट्याने ताईकडे पाहिलं. तिची नजर जमिनीला खिळली होती.

“मला का नाही सांगितलंस गं?”

उत्तर आतून आलं. “मीच शपथ घातली होती तिला. तू नोकरी सोडून आला असतास, वेड्या. आणि आता तिला बोललास ते मी ऐकलंय. झटके येतात, बहिरी नाही झाले मी.”

धाकटा उठला आणि ताईचे हात हातात घेतले. धुलाईच्या सोड्याने सोललेले ते तळवे त्याने इतक्या वर्षांत कधी पाहिलेच नव्हते... “चुकलो गं,” एवढंच त्याला म्हणता आलं. ताईने पदर डोळ्यांना लावला, आणि चार वर्षांचं अडवलेलं पाणी वाहू दिलं.

मग त्याने पेन घेतलं. भाड्याचा आकडा खोडून ‘पूर्वीप्रमाणेच’ लिहिलं. नवव्या कलमातलं ‘करू नये’ खोडून वर लिहिलं, ‘दर तासाला करावी’.

आई पुढच्या वर्षी गेली, नऊ फेब्रुवारीला, दुपारी. तीनच्या ठोक्यांना तिने उत्तर दिलं होतं, चारच्या नाही.