आत माणसं असताना

सोफ्यांना नवी कापडं चढवणारी एक बाई होती. अंगाने किडमिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून सासरी तिला सगळे टाचणी म्हणत. हे नाव ठेवलं थोरल्या जावेने. टाचणी त्यावर कधी रागावली नाही; उलट आपलं दुकान झालं की पाटीवर हेच नाव घालायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. अडचण एवढीच, की पाटी लावायला दुकानच नव्हतं. लग्न झाल्यापासून ती घराच्या पुढच्या खोलीत काम करायची, आणि लग्न झाल्यापासून जाऊ त्या खोलीतल्या फोमच्या चुऱ्याला आणि खिळ्यांना नावं ठेवायची. शेवटी एका हॉटेलाच्या जुन्या खुर्च्या दारात येऊन पडल्या, आणि जाऊ म्हणाली, "आता एक तर या खुर्च्या राहतील, नाहीतर आम्ही."

टाचणी उठली. पायात चपला सरकवल्या आणि सरळ बंदराच्या मागच्या डेपोत कंटेनर बघायला गेली. रस्त्याकडेला वडिलांनी दिलेला जमिनीचा एक तुकडा होता. त्यावर कंटेनर टेकवायचा, खिडक्या पाडायच्या, की झालं दुकान.

डेपोवाला गोल पोटाचा, हसतमुख माणूस होता. कंटेनरच्या रांगांमधून त्याने तिला फिरवलं. कुठे नवे, जहाजावरून एकच फेरी झालेले, रंगाचा वास अजून ताजा. कुठे वर्षानुवर्षं पाणी हिंडून आलेले, पोचे पडलेले. नवे बघून टाचणीने नुसतीच मान हलवली. ते तिच्या हाताबाहेरचे होते. जुन्यांपैकी एक विटक्या निळ्या रंगाचा तिला पसंत पडला. दारं घट्ट बसत होती, खालच्या फळ्या शाबूत होत्या.

"आत जा आणि उभ्या राहा," डेपोवाला म्हणाला. "मी दारं लावतो. कुठे भोक असेल तर उजेड दिसेल. जुना घेताना हे बघायचंच असतं."

ती आत गेली. दारं मिटली, आणि बाहेरची दुपार कुणी फुंकर मारून विझवल्यासारखी गेली. आत गंज, जुनं लाकूड आणि त्यांच्याखाली आणखी एक वास होता. बंद खोलीत खूप जण झोपून उठल्यावर येतो तसा, अंगाचा. टाचणीने डोळे ताणले. डाव्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, उजेडाचा एक टिपका दिसला.

एक भोक आहे तर, ती मनात म्हणाली. लांबी लिंपून बुजवलं की झालं.

तेवढ्यात टिपका गेला. मग पुन्हा आला. पुन्हा गेला. भोकासमोरून एकामागून एक कुणी सरकावं... प्रत्येकाने क्षणभर डोळा लावावा आणि पुढच्याला जागा द्यावी, तसं. आणि हे सगळं भिंतीच्या आतल्या बाजूला चाललं होतं, कारण दर वेळी पायाखालची फळी हलकीशी करकरत होती.

तिने दारावर थाप मारली. डेपोवाल्याने लगेच उघडलं.

"डाव्या अंगाला भोक आहे," ती म्हणाली.

डेपोवाल्याचं हसू मावळलं. "डाव्या अंगाला दुसरा कंटेनर खेटून लावलाय, बाई. मधे बोट शिरत नाही. तिकडून उजेड कुठला यायला?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "खरं सांगतो, हा विकून परत आलाय. घेणारा कारण सांगत नाही, नुसता आणून टाकतो. तुम्ही दुसरा बघा."

इथे दुसरी कुणी असती तर मागे फिरली असती. टाचणीनेही एक पाऊल मागे घेतलं होतं. पण दुसरा बघा, दुसरीकडे जा, इथे नको, हे तिने जन्मभर ऐकलं होतं. आता आतल्या अंधारातल्या, ज्याचं तोंडही दिसत नाही अशा कुणीतरी तेच सांगावं, हे काही तिच्या पचनी पडेना.

"मला हाच हवा," ती म्हणाली.

कंटेनर येऊन जागेवर बसला. डाव्या भिंतीत भोक नव्हतंच. तिने बाहेरून हात फिरवून पाहिलं. खिडक्या पाडायला वेल्डर आला. खडू घेऊन, शीळ घालत आत गेला. शीळ मधेच तुटली. बाहेर आला तेव्हा खडू त्याच्या मुठीत चुरडला होता.

"काय झालं?"

"ताई, आत माणसं असताना मी पत्रा कापत नाही."

"कुठली माणसं? रिकामा तर आहे."

"असेल." त्याने सामान उचललं. "मी रेघ मारायला गेलो... तर भिंतीपासून कुणी बाजूलाच होईना."

ही बातमी घरी तिच्या आधी पोचली. नवरा बिचारा मवाळ माणूस, पेपरात डोकं घालून बसला. जाऊ मात्र चिंतेचा आव आणून म्हणाली, "परत करून टाक बाई. नसती बला कशाला घरात आणायची?"

"घरात नाही आणली जाऊबाई, दुकानात आणली," टाचणी म्हणाली. "आणि दुकान माझं आहे. तिथे कुणी राहायचं ते मी ठरवेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःचा ग्राइंडर काढला. सोफ्यांच्या लोखंडी चौकटी ती स्वतःच कापायची, त्यामुळे हात बसलेला होता. चष्मा चढवला, एप्रनच्या खिशात पत्रा कापायच्या जास्तीच्या चकत्या टाकल्या, शेजारच्या गॅरेजमधून विजेची वायर ओढून घेतली. नवऱ्याला समोर दगडावर बसवलं. "दारांवरची नजर काढू नका," असं बजावलं आणि आत गेली.

खिडकीचा चौकोन खडूच्या रेघेने आखून तिने ग्राइंडर उचलला, आणि पाठीमागे बिजागऱ्या कण्हल्या. ती दारं एका माणसाला जेमतेम ढकलता येतील इतकी जड. वळेपर्यंत मिटलीसुद्धा. बाहेरून अडसराचे दांडे एकामागून एक फिरल्याचं तिने ऐकलं.

"अहो!" ती ओरडली. "अहो, उघडा!"

तिने दारावर मुठी आपटल्या. मिट्ट काळोख. मग हळूहळू तो अंगाचा वास आला, आणि श्वास. एकाचा नव्हे. दाटीवाटीने उभ्या असलेल्यांचा, एकमेकांत अडकलेला, वरवरचा... जणू हवा पुरवून पुरवून घ्यायची होती. तिच्या मानेवर, कानापाशी, कोपराशी. ती भिंतीला चिकटली, तर तिथेही जागा नव्हती. ग्राइंडर धरलेल्या तिच्या मनगटाभोवती एक हात आला. गार, ओलसर. ओढत नव्हता, पिळत नव्हता. नुसता धरून राहिला.

 टाचणीला श्वास पुरेना. डोळ्यांपुढे रंगीत वर्तुळं नाचायला लागली, आणि तिला वाटलं, संपलं. इथेच, यांच्यात, उभ्या उभ्या.

आणि मग तिला संताप आला. पायापासून डोक्यापर्यंत, कढत, तिच्या ओळखीचा.

"ऐका," ती म्हणाली. आवाज कापत होता, तरी ती बोलत राहिली. "तुम्हाला कुणी कोंडलं मला माहीत नाही. मी नाही कोंडलं. आणि तुमच्यासोबत मी काही मरणार नाही, मला कामं पडलीत. भिंतीपासून बाजूला व्हा. आणि हा हात सोड... हात धरून ठेवलास तर मी कापू कशी?"

श्वास थांबले. सगळे, एकदम.

मग मनगटावरची पकड सुटली.

वायर दाराखाली चेपली होती, पण वीज चालू होती. ग्राइंडर किंचाळला, पत्र्याला लागला, ठिणग्यांचा फवारा उडाला. त्या तांबूस, उडत्या उजेडात तिला भिंत दिसली, आणि भिंतीवर टेकलेले तळहात. मोठे, लहान, वर, खाली, तिच्या रेघेच्या चारी बाजूंनी. रेघेच्या आत एकही नाही. त्यांनी तिला जागा करून दिली होती. तळहातांमागे चेहरे असतील, पण तिने मान वळवली नाही. चकती झिजली की अंधारात चाचपडत दुसरी लावायची, पुन्हा कापायला घ्यायचं. चौथी कड सुटली, तिने लाथ घातली, आणि पत्र्याचा चौकोन धाडकन बाहेर पडला.

ऊन आत आलं. आणि तिच्या दोन्ही खांद्यांना घासत, तिचे केस विस्कटत, काहीतरी बाहेर गेलं. जातच राहिलं. शाळा सुटल्यावर दारात होते तसली रेटारेटी, फक्त आवाज नाही.

खिडकीपलीकडे नवरा उभा होता, पांढराफटक. "अगं, मी नजर काढली नव्हती," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "दारं उघडीच होती. आत्ता बघतोय तर..."

दोघांनी मिळून दांडे सोडवले. टाचणी पाणी प्यायली, तिथेच खाली बसली, थोडी रडली. मग उठून तिने आणखी खिडक्या पाडल्या, आणि दारांचे दांडे मुळापासून कापून भंगारात दिले; त्यांच्या जागी आतूनही उघडेल अशी साधी कडी बसवली.

दुकान उभं राहिलं. भरपूर उजेड, चारी बाजूंनी वारा. जाऊ एकदा येऊन सगळं बघून गेली, आणि जाताना स्वतःच्या सोफ्याचं माप सांगून गेली. वास गेला, श्वास गेले. गेले ते गेले, टाचणीने मनाशी म्हटलं, आणि हॉटेलाच्या खुर्च्यांना भिडली. नवा फोम, नवं कापड; एकेक बैठक अशी टच्च भरली, की थाप मारली तर हात उसळावा. सगळ्या तयार झाल्या तेव्हा तिने त्या ओळीने मांडून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिने दुकान उघडलं. खुर्च्या ओळीत नव्हत्या. गोल मांडल्या होत्या, तोंडं आतल्या बाजूला. आणि नव्याकोऱ्या बैठका दबलेल्या होत्या. काही खोल, काही उथळ, एखादी अगदी जराशी, लहान अंगाखाली दबावी तशी. फक्त दारासमोरची एक टच्च फुगलेली होती.

टाचणी बराच वेळ दारात उभी राहिली. वाऱ्याने खिडकीतला पडदा हलत होता. रस्त्यावरून एक सायकल गेली.

"दुकान माझं आहे," ती शेवटी म्हणाली. "इथे मी काही ताटकळत उभी राहणार नाही."

ती चालत गेली, त्या रिकाम्या खुर्चीवर बसली, मांडीवर कापड घेतलं आणि सुईत दोरा ओवला. बैठक कोमट होती. आत्ताच कुणीतरी उठून तिला जागा दिली असावी, तशी.

तिने पहिला टाका घातला. समोरच्या खुर्चीची दबलेली बैठक, बसलेलं कुणी उठावं तशी, सावकाश, आवाज न करता वर आली. मग तिच्या शेजारची. मग त्यापलीकडची.

टाचणीने मान वर केली नाही. ती टाके घालत राहिली.