वायर सापडली का?

आदल्या रात्री ऋतुजाचा डोळा लागला नव्हता, तो नखाएवढ्या एका फ्यूजपायी. नवऱ्याच्या मोटरसायकलचे आठवड्यात तीन उडाले होते. फ्यूज उगाच उडत नसतो, कुठंतरी वायर बॉडीला घासत असते, एवढं तिला कळत होतं. पण फिजिक्समध्ये जेमतेम पास झालेल्या बाईनं चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या सासऱ्याला शिकवायचं म्हणजे...

दुपारी तिनं विचारलंच. "आबा, वायर सापडली का?"

"सापडली की. टेप मारली." राधाकिशन आबांनी हात पुसले. "तू भज्जीचं बघ."

तेवढ्या शब्दांवर तिनं नवऱ्याला वाटेला लावलं. येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाची, मिसळीची भज्जी अन् आंबील घेऊन हरिओम तिन्हीसांजेला बहिणीकडं अंबाजोगाईला गेला. नऊपर्यंत येतो म्हणाला होता.

साडेनऊ झाले. अमावास्या. फोन लागत नव्हता. ओसरीवर आबा, ऋतुजा, आणि तिच्या मांडीवर पाच वर्षांची सुकन्या.

"आजोबा, गोष्ट."

आबांनी फाटकाकडं पाहिलं. "माझ्या वळखीच्या एका मेस्तरीची सांगतो. घडलेली हाय."

"भुताची नको हं आबा. ही झोपते, मी जागी राहते."

आबा हसले नाहीत. "त्याचा जोडीदार सटवा. एका ताटात जेवणारे दोघं. चौदा वर्षं झाली, येळवशीचाच दिवस. सटवाची गाडी फ्यूज खात व्हती. मेस्तरी म्हणला, मी बघतो. आता वायर हुडकायची म्हणजे टाकी उतरवा, समदं वायरिंग सोलत बसा. तिकडं शेतात पंगत बसलेली. त्यानं उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळला अन् दिला बसवून. गाडी चालू. लाईट फक्क."

"मग फ्यूज उडणारच नाही," ऋतुजा म्हणाली. "वायरच जळेल."

"व्हय." आबा थांबले. "सटवानं इचारलं, सापडली का वायर? ह्यो म्हणला, सापडली की. टेप मारली."

सुकन्याच्या केसांतला ऋतुजाचा हात तिथंच राहिला.

"रात्री घाटात लाईट गेली त्याची. म्होरं थर्मलच्या राखेचा टँकर उभा. मागं लाल दिवा न्हाई..."

ऋतुजानं पुन्हा फोन लावून पाहिला.

"वर्षानं मेस्तरी रात्री त्याच वळणावरून येत व्हता. गाडी बंद पडली. बाजूचं झाकण काढलं. बॅटरी बघितली. फ्यूज बघितला. मग ध्यानात आलं... मोबाईल तर खिशात हाय. अन् फ्यूज दिसतोय."

"म्हणजे?"

"उजेड कुणीतरी धरलाय. मागून. खांद्यावरून. सटवा धरायचा तसा." आबांचा आवाज खाली गेला. "अन् इचारलं... सापडली का?"

"मग?"

"ह्यो वळला न्हाई. म्हणला... सापडली."

"परत खोटं?"

"भ्यालेला माणूस जुनंच बोलतो, पोरी. उजेड गेला."

ऋतुजानं त्यांच्याकडं पाहिलं. आपलंच चुकत असेल, नेहमीसारखं. तरी तिनं विचारलं, "आबा, दुपारी तुम्ही टाकी उतरवली होती का?"

आबा फाटकाकडंच बघत राहिले.

तेवढ्यात अंगणात गाडी शिरली. लाईट लख्ख. हरिओमनं स्टँड लावला.

"मोबाईल संपला होता माझा. घाटात वायर जळल्याचा वास आला अन् सगळं बंद. कुणीतरी आला, उजेड होता त्याच्याकडं. टाकी उतरवली, वायर हुडकली, जोडून टेप मारली. तोंड काही दिसलं नाही नीट." त्यानं खिशात हात घातला. "आबा, तुम्हाला नावानं ओळखत होता. म्हणला, राधाकिशनला सांग, वायर सापडली. अन् हे दे."

तळहातावर चांदीच्या कागदाचा तुकडा. नखानं घासून सपाट केलेला. कडा करपलेल्या. मधोमध राखेनं भरलेल्या बोटाचा ठसा.

आबांनी हात पुढं केला नाही.

सुकन्या मांडीवरून उतरली. कागद उचलला, उलटा करून पाहिला.

"हा माझ्या चॉकलेटचा आहे. आजोबांनी दुपारी मागून घेतला होता. म्हणले, आईला सांगू नको."