उष्टी पेज

रक्ताला विचारल्याशिवाय प्रतिजैविक द्यायचं नाही, असा आता कायदाच होता. रुग्णालयातलं औषधांचं कपाट डॉक्टरच्या सहीने उघडत नसे, कुळवाचकाच्या हुकमाने उघडे. हे यंत्र जेमतेम पोळपाटाएवढं. त्यात रक्ताचे चार थेंब घातले की वीस मिनिटांत ते जंतूचं नाव आणि त्याला लागू पडणारं औषध सांगे; शिवाय, कोणी विचारो न विचारो, त्याची वंशावळही मांडे. जंतू एकाचे दोन होत वाढतात आणि वाढताना त्यांच्या जनुकांत अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. त्या चुका जुळवत मागे गेलं की हा कोणाच्या अंगातून कोणाकडे आला, ते कळतं.

रत्नागिरीच्या रुग्णालयात स्नेहल पेडणेकरला सकाळी हुडहुडी भरली म्हणून आणलं आणि दुपारच्या जेवणाआधी तिचा ताप उतरायलाही लागला. चौसष्टीच्या बाईने खरं तर देवाला साखर ठेवावी. पण तिला मंदार आठवत होता. सतरा वर्षांपूर्वी तिच्या या नवऱ्याला ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी असाच ताप भरला. तेव्हा रक्तातला जंतू आधी वाढवायचे आणि मग ओळखायचे; तोवर औषध अंदाजाने. मंदार दुसऱ्या दिवशी गेला, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. वरातीमागून घोडं.

डॉ. इरावती शेट्ये खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी आणलेली बातमी चमत्कारिक होती. मंदारच्या जंतूची जनुकं जुन्या नोंदींत होती आणि स्नेहलच्या रक्तातला जंतू थेट त्याच कुळातला निघाला. मंदारचं उष्टं कधी खाल्लं होतं का, असं त्यांनी विचारलं.

खाल्लं होतं. नवऱ्याच्या ताटात जेव म्हणणाऱ्या आतेसासूला स्नेहलने लग्नानंतर हसून उडवून लावलं होतं. पण ऑपरेशननंतरच्या त्या पंधरा दिवसांत मंदार रोज अर्धी पेज टाकायचा आणि उरलेली ती त्याच्याच चमच्याने संपवायची.

“म्हणजे सतरा वर्षं तो माझ्यात आहे?”

“आतड्यात. तिथे असतो तोवर काही करत नाही. रक्तात शिरला की घात करतो.”

त्यांनी समजावून सांगितलं. सकाळच्या औषधाने फक्त रक्त साफ झालं होतं. आता कुळनाशक द्यायचं. हे औषध त्या एकाच कुळासाठी बनवलेलं. तीन डोस, की अंगात त्या कुळातला एकही उरत नाही.

स्नेहलने विचारलं, थोडा कुठे बाटलीत जपून ठेवता येईल का. डॉक्टर म्हणाल्या, आता जंतू कोणी वाढवत नाही. यंत्र त्याला फोडूनच वाचतं.

“त्यानेच तर मारलं ना त्यांना?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो. पण शेवटपर्यंत तो मंदारबरोबर होता. मी बाहेर बाकावर बसले होते.”

मंदारच्या सदऱ्यांचा वास वर्षभरात गेला होता. त्याच्या अंगातून आलेलं आणि अजून जिवंत असलेलं असं तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मूलही त्याच्या पश्चात तिने एकटीने दत्तक घेतलेलं, दहा वर्षांची मुलगी. तिला तो जंतू फार, फार हवासा वाटला. तरी खाटेशी उभ्या असलेल्या लेकीकडे बघून तिने पहिला डोस घेतला.

कायद्याने डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा राहिला होता. तुमच्या ताटात कोण जेवतं? त्यांच्या पोटातही तो असणार, त्यांनाही औषध द्यावं लागेल. लहान मूल असेल तर आधी त्याला, कारण मुलांना धोका जास्त.

लेकीची ओवी चार वर्षांची. आजीच्या मांडीवर बसून आजीच्याच ताटातला भात खायची. लेक एव्हाना खाली फॉर्म भरायला गेली होती.

“कोणी नाही,” स्नेहल म्हणाली. “माझं मी वेगळं जेवते.”

तीन डोस झाले. कुळवाचकाने निर्वाळा दिला आणि तिला घरी सोडलं. दुपारी लेकीने ओवीला वाटीत पेज दिली. ओवीने अर्धी खाल्ली, वाटी सरकवली आणि खेळायला पळाली. लेक म्हणाली, टाकून दे गं आई ती.

स्नेहलने वाटी जवळ ओढली आणि ओवीचाच चमचा उचलला.