थोरलीचे अण्णा

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे. वीस वर्षं अंधाऱ्या खड्ड्यांत उतरतोय, कधी भुताच्या बापालाही भ्यालो नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलंय आणि शेवटचे चार दिवस मी स्वतः सोबत होतो.

ही रात्रीची गोष्ट नाही. मंगळवार होता. भर दुपार. दोन वाजून वीस मिनिटं. बाहेर लख्ख ऊन.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

मामाची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण. तिचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून घरात सगळे तिला चष्मेवालीच म्हणतात. सकाळपासून ती लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत उभी असायची.

"हे बरं दिसतंय, की हे?"

"हे."

"आणि आता?"

"आता... मगाचंच बरं होतं बहुतेक."

दिवसातून शंभर वेळा हेच. पण तिच्या तोंडात कायम साखर. आवाज म्हणून चढायचा नाही. दीड वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि चार वाजेपर्यंत ती मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायची.

तिथे मात्र साखर संपायची.

ती एक खेळ खेळायची. आयुष्याचा खेळ. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, कामाला पाठवायचं, जेवू घालायचं, झोपवायचं. त्या खेळात एक गॅलरी असते. जगभरातले लोक आपण बनवलेली माणसं तिथे ठेवतात. कुणी आपली आजी ठेवतं, कुणी शेजारी, कुणी स्वतःलाच. ज्याला जो आवडेल त्याने तो उतरवून घ्यावा आणि आपल्या खेळात वापरावा. फुकट.

चष्मेवालीचा पाचसहा जणांचा एक ग्रुप होता. त्यांच्या स्पर्धेचं नाव होतं कोंडवाडा. गॅलरीतून एक माणूस उचलायचा. चार भिंतींत उभा करायचा. दार काढून टाकायचं. अन्न नाही, पाणी नाही, खुर्चीसुद्धा नाही. ज्याचा माणूस जास्त दिवस टिकेल तो जिंकला.

नियम एकच. स्वतः बनवलेला माणूस घ्यायचा नाही.

"आपल्या हातची माणसं मारवत नाहीत रे," तिने मला एकदा सांगितलं होतं. "परकी मारवतात."

वर हसली. मीही हसलो. कशाला खोटं बोलू!

त्या महिन्यात तिला गॅलरीत एक म्हातारा सापडला. पांढरा सदरा, किंचित वाकलेला, हात पाठीमागे बांधलेले. बनवणारीने आपलं नाव नुसतं 'थोरली' असं ठेवलं होतं. म्हाताऱ्याखाली तिने दोन ओळी लिहिल्या होत्या.

'हे माझे अण्णा. आता नाहीत. कुणी घेतलंत तर वेळेवर वाढा, ते मागून घेत नाहीत.'

चष्मेवालीने ते वाचलं आणि म्हणाली, "अगदी आमच्या बाबांसारखा आहे की!"

मामाही तसलाच. मामी गेल्यापासून एकटा राहायचा, दुकानामागच्या दुसऱ्या गल्लीत. समोर ठेवलं तर जेवेल. नाही ठेवलं तर पाणी पिऊन झोपेल, पण तोंडाने मागणार नाही.

हे तिला ठाऊक होतं. तरी तिने अण्णांना उतरवून घेतलं आणि दार काढलं.

त्या खेळातली माणसं उपाशी राहिली की आरडाओरडा करतात. हात हलवतात, पाय आपटतात, वर बघून आपल्याला शिव्या देतात. तीच तर ग्रुपची करमणूक. अण्णांनी यातलं काही केलं नाही. ते भिंतीजवळ गेले...

टक. टक. टक.

बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत राहिले. चष्मेवाली गोंधळली, कारण असा आवाज त्या खेळात तिने कधी ऐकला नव्हता. तिने कॉम्प्युटरचा आवाज बंद केला.

टक. टक.

असेल कुठेतरी शेजारी, म्हणून तिने सोडून दिलं.

नवव्या दिवशी अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले. समोरची फरशी तळहाताने पुसली, ताटासाठी जागा करावी तशी. मग मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. बघत बघतच गेले.

नऊ दिवस! ग्रुपचा विक्रम. तिने त्याची क्लिप टाकली आणि खाली लिहिलं, 'मागितलं नाही, म्हणून वाढलं नाही.' लोक हसून हसून लोळले. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तिला ते घर गॅलरीत सर्वांसाठी ठेवावं लागलं. त्यासाठी एक छोटी चौकट असते, तिच्यात खूण करायची.

ती खूण पुन्हा काढावी लागते, नाहीतर पुढे साठवलेलं प्रत्येक घर आपोआप गॅलरीत जातं. तिने काढली नाही.

नंतरच्या रविवारी मामाचा वाढदिवस होता. मीही गेलो होतो. बापलेक कॉम्प्युटरपुढे बसले होते. तिने मामाला त्याचंच घर बनवून दाखवलं. मामा हाडाचा सुतार. दार बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने घराला बरोब्बर तशीच दारं लावली होती आणि बाहेरच्या खोलीत मामा उभा केला होता.

"मिशीत कंजूषपणा केलास गं," मामा म्हणाला. पण डोळे ओले झाले होते.

मग तिने स्वतःला त्या घरात ठेवलं. मी म्हटलं, "आणि मी काय उंबऱ्याबाहेर उभा राहू? घाल मलाही."

तिने मलाही घातलं. घर साठवून ठेवलं.

पुढे तो मंगळवार. दोन वीसला तिचा फोन वाजला.

"बाळा..." मामाचा आवाज नेहमीसारखाच होता. "दार कुठे ठेवलंस?"

"काय म्हणता बाबा?"

"मघापासून शोधतोय. चारही भिंती चाचपल्या. चौकटच लागत नाही हाताला."

ती धावत गेली. दार सताड उघडं होतं. ऊन आत आलं होतं. मामा खोलीच्या मधोमध उभा होता आणि उघड्या दारातून तिच्याकडेच बघत होता.

"आवाज येतोय तुझा," तो म्हणाला. "भिंतीपलीकडे आहेस का?"

तिने त्याचा हात धरला आणि बाहेर ओढलं. उंबऱ्यावर येताच त्याचं कपाळ कशावर तरी आदळलं. समोर काहीच नव्हतं, नुसती हवा. पण धप्पकन आवाज आला. कपाळावर टेंगूळ आलं, हे एवढं.

तिने दुकानातला अक्षरांचा तक्ता आणून भिंतीला टांगला. मामाने शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. डोळे ठणठणीत होते. फक्त दार दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताट दिसेनासं झालं.

तिने घास तोंडाशी नेला. तो ओठांवरून खाली सांडला, आणि मामा ओठ मिटून शांत बसलेला. पाण्याचंही तेच. घरी आलेला डॉक्टर म्हणाला, वय झालंय, मेंदूत काहीतरी झालंय, गिळणं विसरलेत. तपासण्या लिहून दिल्या आणि गेला.

तो गेल्यावर मामा उठला. भिंतीजवळ गेला...

टक. टक. टक.

 तो आवाज चष्मेवालीने ओळखला.

ती तशीच दुकानात पळाली. गॅलरी उघडली. 'बाबांचं घर' तिथे होतं, सगळ्या जगासाठी उघडं. खाली लिहिलं होतं, एकदा उतरवलं गेलं. मंगळवार, दोन वीस. उतरवून घेणारीचं नाव थोरली.

तिने घर गॅलरीतून काढून टाकलं. पण बैल गेला आणि झोपा केला! उतरवून घेतलेलं घर ज्याचं त्याच्याकडेच राहतं. मग तिने आपल्या खेळातलं घर उघडलं. भिंतीभिंतीला दारं लावली, बावीस दारं. फ्रिज ठेवला, टेबलभर जेवण मांडलं आणि मामाला शोधायला लागली.

घर होतं. ती स्वतः होती. मी होतो. मामा नव्हता.

सहाव्या दिवशी तिने मला बोलावलं. सगळं सांगितलं. मला आधी रागच आला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? म्हातारा मरायला टेकलाय आणि तू खेळाचं काय घेऊन बसलीस?" चौघांनी मिळून मामाला उचललं, हॉस्पिटलात न्यायला. दारातून नेताना त्याचं अंग अडकलं. देवाशप्पथ, अडकलं! मी लिफ्टची दारं हाताने फाकवणारा माणूस, मला जोर लावावा लागला. बाहेर काढलं तेव्हा त्याची दोन्ही कोपरं सोलवटली होती. चौकटीला मात्र साधा ओरखडा नाही.

माझा राग तिथेच उतरला.

हॉस्पिटलात सलाईन लावली. बाटल्यांवर बाटल्या जात होत्या आणि मामा वाळत होता. नर्सने दोनदा सुई बदलली. "जातंय कुठे हे पाणी?" असं ती स्वतःशीच म्हणाली. मामाच्या खाटेला खेटून भिंत होती. दिवसभर तो ती वाजवायचा. मध्येच थांबून कान लावायचा. सुतार लाकूड पोकळ आहे का बघतो, तसा.

"मामा, काही हवं का?" मी विचारायचो.

"नको रे. चाललंय."

चष्मेवाली बाहेरच्या बाकावर बसून थोरलीला निरोप पाठवत होती. चूक झाली. पाया पडते. बाबांना दार द्या. उत्तर नाही. थोरलीच्या नावाखाली तिची शेवटची हजेरी दिसत होती. दोन वर्षांपूर्वीची. दोन वर्षांत त्या बाईने खेळ उघडलाच नव्हता. मग घर कुणी उतरवून घेतलं?

ग्रुपमधल्या एकालाही ठाऊक नव्हतं. तिने आधी विचारलं तेव्हा ते हसले. नंतर कुणी उत्तरच दिलं नाही.

आठव्या दिवशी तिने शेवटचा निरोप लिहिला. माझ्यासमोर लिहिला. 'त्यांच्या जागी मला कोंडा. मीही आहे त्या घरात.'

मीही होतो त्या घरात. माझं नाव तिने घेतलं नाही, एवढी तरी माया होती.

पाठवल्यावर ती आत गेली आणि मामाच्या कानाशी वाकली. "बाबा, मागा ना. एकदा तरी तोंडाने मागा. जेवायला द्या म्हणा. जे कुणी आहे ते ऐकेल कदाचित."

मामा हसला. "कुणाला त्रास कशाला द्यायचा, बाळा?"

ती तिथेच खाली बसली आणि मोठ्याने रडली. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघत राहिली.

नववा दिवस. दुपार. मामा अचानक उठून बसला. अंगात उठायचं बळ नव्हतं, तरी बसला. मांडी घातली. समोरची चादर तळहाताने पुसली, एकदा, दोनदा, हळूच. मग मान वर करून छताकडे बघितलं. तिथे कुणीतरी आहे असंच बघत होता.

आम्ही दोघांनीही बघितलं. छत होतं. पंखा होता.

मामा तसाच गेला. बसल्या बसल्या.

चष्मेवालीच्या हातातला फोन वाजला. मी घड्याळ बघितलं. दोन वाजून वीस मिनिटं. थोरलीचं उत्तर आलं होतं. हजेरी अजून दोन वर्षांपूर्वीचीच होती. एकच ओळ होती, चष्मेवालीचीच.

'मागितलं नाही, म्हणून वाढलं नाही.'

या गोष्टीला आता चार महिने झाले. चष्मेवालीने कॉम्प्युटर फोडून टाकला. दुकान चालू आहे, पण शटर दिवसभर पूर्ण वर असतं. मागच्या खोलीचं दार तिने बिजागऱ्यांसकट उखडून काढलंय. जेवायला बसली की वर बघते आणि मोठ्याने म्हणते, "वाढा हो. मला भूक लागलीय. मी मागतेय." गिऱ्हाईक समोर असलं तरी म्हणते. लोक म्हणतात, बापाच्या दुःखाने बाईला वेड लागलं.

मला तसं वाटत नाही. कारण त्या घरात आम्ही तिघं होतो, आणि घर उतरवून घेणारीकडे ते अख्खं गेलंय.

म्हणून मीही मागतो. रोज, दोन्ही वेळा, मोठ्याने. मुलं हसतात, हसू देत.

काल दुपारी मी पाटावर बसलो आणि नेहमीसारखं मागितलं. थोडा वेळ थांबलो. पुन्हा मागितलं.

बायको माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, असं काय करताय? ताट समोरच आहे की..."