पेवात मुरलेलं

इंद्रजीतच्या जिभेवर त्याचं घर चालायचं. वाळूजच्या एका इसेन्सच्या कारखान्यात तो चव तपासायच्या कामाला होता. केवड्याचा थेंब बादलीभर पाण्यात टाकला तरी तो खरा की रसायनाचा, हे तो डोळे मिटून सांगे. असा माणूस घरच्या घरी व्हेपचं, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटचं, लिक्विड करायला बसला आणि त्याला काही केल्या चव येईना, ही तशी हसण्याचीच गोष्ट. सत्यम पोटभर हसलाही.

"इंद्र्या, खोकल्याचं औषध भरलंस का रे यात? हे ओढण्यापेक्षा चमच्यानं घेतलेलं बरं."

हे दोघं कॉलेजपासूनचे दोस्त. गेल्या वर्षी दोघांनी मिळून सिगारेट सोडली. सोडली म्हणजे काय, तोंडातली काढली आणि तिच्या जागी दुसरी नळी घातली. शहरात या नळ्यांचं पेवच फुटलं होतं. बंदी होती म्हणून माल चोरून मिळायचा, आणि मिळायचा तोही भेसळीचा. तेव्हा इंद्रजीतनं पडेगावच्या आपल्या बंगल्याच्या गच्चीवर, टाकीशेजारच्या खोलीत, ग्लिसरीन आणि चिमुकल्या बाटल्यांचा संसार मांडला. बायकोला, रत्नमालाला, त्यानं शपथेवर सांगितलं होतं की सगळं सुटलं. खोलीतून खाली येताना तो बडीशेप चघळायचा, शर्ट बदलायचा आणि मगच लेकीला, श्रेयाला, जवळ घ्यायचा. चाळिशीच्या माणसानं आपल्याच घरात चोरासारखं वावरायचं, याची त्याला लाज वाटे. पण ही लाज अंगवळणी पडलेली होती. तिच्याखाली आणखी एक होती, तिला तो सहसा हात लावत नसे.

सत्यम हा सांडूचा मुलगा. पडेगाव शहरात मिसळलं नव्हतं तेव्हा सांडू इंद्रजीतच्या घरी कामाला होता. अंगणात ज्वारीचं पेव होतं: जमिनीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, आत रांजणासारखं पोट, उतरायला भिंतीत खाचा. त्या पेवात सांडू उतरला आणि वर आला तो मेलेला. पिऊन उतरला होता, तोल गेला, असं गावात सांगितलं गेलं. सत्यम तेव्हा आईचा पदर धरून चालणारा. त्याची आई पारूबाई त्याला घेऊन शहरात आली, लोकांची धुणी धुऊन तिनं त्याला शिकवलं, आणि आता तो वीज खात्यात इंजिनिअर होता. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्या पेवावर दोघांपैकी कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं. सत्यमला गावानं सांगितलं तेवढंच माहीत होतं. इंद्रजीतला खरं माहीत होतं.

खरं त्याला आईनं, मनकर्णाबाईंनी, सांगितलेलं. वडील, नानासाहेब, वारल्यावर, एकदाच, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. बंद पेवात हवा मरते. म्हणून तोंड उघडलं की आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. तो तळाशी जळत राहिला तरच माणूस उतरवायचा.

"त्या दिवशी वैजापूरचा व्यापारी ट्रक घिऊन दारात उभा व्हता," मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या. "यांना घाई झाली. कंदील नाय सोडला. सांडूच्या कमरंची दोरी यांच्याच हातात व्हती. खालून दोनदा ओढलं की वर घ्यायचं, ही त्याची खूण. व्यापारी म्हनला, चहा घिऊ. तर यांनी दोरी खुटीला गुंडाळली अन् आत आले."

मग त्यांनी तांदळातला खडा काढून टाकला आणि पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही. सांडू पिऊन उतरला हे चहाचे कप धुवायच्या आत ठरलं होतं. सत्यम घरी आला की मनकर्णाबाई काचेच्या कपाटातला बशीसकट कप स्वतः काढायच्या, स्वतः विसळायच्या. रत्नमालाला सासूच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटायचं. इंद्रजीतला तो कप बघवत नसे.

तर आपण चवीचं बोलत होतो. जाणकारांचं म्हणणं असं की नवं लिक्विड लगेच ओढायचं नसतं, ते अंधारात, गारव्यात, हात न लावता मुरू द्यायचं. लोणच्याचाच न्याय. इंद्रजीतनं कपाट करून पाहिलं, पलंगाखालची पेटी करून पाहिली. उन्हाळा लागला होता, गच्चीवरची खोली तव्यासारखी तापायची. अंधार, गारवा आणि निवांतपणा तिन्ही एकत्र मिळेल अशी घरात एकच जागा होती, आणि ती पोर्चमध्ये गाडीखाली होती. बंगला बांधताना मनकर्णाबाईंनी पेव बुजवू दिलं नव्हतं. त्यावर दगडी फरशी बसवली होती इतकंच.

सगळं ठाऊक असून त्यानं तेच भोक निवडलं? पुढं त्याचं त्यालाही नवल वाटलं. त्या वेळी मात्र तो फक्त तापमानाचा विचार करत होता. सोयीचं असलं की शिकलेल्या माणसाला विसरायला वेळ लागत नाही.

घरात कुणी नसताना त्यानं पहारीनं फरशी सरकवली आणि स्टीलच्या डब्यात बाटल्या घालून डबा नायलॉनच्या दोरीनं खाली सोडला. पंधरवड्यानं वर काढला तेव्हा बाटल्यांच्या काचेवर दव धरलं होतं. गार जागेतून उकाड्यात आणल्यावर धरायचंच. त्यानं अंगठ्यानं ते पुसलं. कोमट लागलं.

त्यात पेरूचं इसेन्स होतं. पहिल्या झुरक्यालाच त्याला कळलं की जमलं. पेरू होताच, पण आता तो एकटा नव्हता, त्याच्या पाठीशी काहीतरी उभं होतं. इंद्रजीतची तरबेज जीभ एकेक ओळखत गेली: कडबा, चुना, कोरडी माती. आणखी एक होतं, अगदी तळाशी, त्याला नाव सापडेना. त्यानं धूर सोडला. धूर वर गेला नाही. हनुवटीवरून छातीवर, छातीवरून मांडीवर, तिथून फरशीवर उतरला आणि जिन्याच्या पायऱ्या उतरत खाली गेला. ग्लिसरीन जास्त झालं असेल, असं त्यानं ठरवलं.

संध्याकाळी दौलताबाद रोडच्या टपरीमागं त्यानं बाटली सत्यमला दिली. सत्यमनं थट्टेच्या तयारीनंच नळी तोंडात धरली. एक झुरका घेतला आणि नळी तोंडातून काढून उलटीसुलटी करून पाहिली.

"कुठून आणलंस हे?"

"मीच केलं. पेरू आहे."

"पेरू नाही यार हा." सत्यम म्हणाला. "ही माझ्या बापाची मान आहे." त्यानं आपल्या मानेवर मागून हात ठेवला. "बाबा खांद्यावर बसवायचे ना, माझं नाक इथं यायचं. चेहरा नाही रे आठवत. घरात एक फोटो नाही. हा वास तेवढा होता, तोपण कधीच गेला होता."

आणि इंद्रजीतच्या जिभेला तळाशी जे सापडत नव्हतं ते सापडलं. घाम. उन्हातून आलेल्या माणसाच्या मानेवरचा.

बोलायची वेळ हीच होती. सत्यमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि टपरीवाला पाठमोरा होता. इंद्रजीत म्हणाला, "योगायोग असेल."

"मुरवतोस कुठं?"

"कपाटात."

त्या एका शब्दानं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बापानं एक खोटं बोलून ठेवलं होतं, त्याला लेकानं आज ठिगळ लावलं, हे त्याला तिथल्या तिथं कळलं.

त्यानंतर सत्यम बाटली मागायला येऊ लागला. आधी रविवारी, मग अधूनमधून, मग रोज. त्याची ओढायची तऱ्हा बदलली होती. तो आत घ्यायचा आणि सोडायचा नाही. डोळे मिटून धरून ठेवायचा, आणि सोडला तेव्हा धूर जवळपास नसायचाच. ओठ निळसर दिसायला लागले होते.

"बस कर आता," इंद्रजीत म्हणाला.

"सोडलं की जातात ते," सत्यम म्हणाला.

घरी मनकर्णाबाई हवा हुंगत फिरायला लागल्या. "कडबा आनलास का रं घरात?"

"नाही आई."

"मग वास कशाचा? अन् पोर्चमधी कोन उभं ऱ्हातंय?"

"कुणी नाही."

त्यांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "पेवाचं तोंड उघडलंस का?"

"नाही," इंद्रजीत म्हणाला आणि जिना चढून गेला.

पुढच्या खेपेला दोरी वर आली ती मोकळी. तुटली नव्हती. त्यानं स्वतः मारलेली गाठ कुणीतरी निवांत बसून सोडवावी तशी सुटली होती, आणि डबा बाटल्यांसकट खालीच राहिला होता. सत्यमला त्यानं फोनवर सांगितलं, माल संपला. पलीकडून श्वास आत ओढल्याचा आवाज आला, सोडल्याचा नाही.

रविवारी रत्नमाला आणि श्रेया वेरूळला दर्शनाला गेल्या होत्या. भर दुपारी इंद्रजीतनं गाडी बाहेर काढली, फरशी सरकवली आणि दोरीला आकडा बांधून तो डबा शोधायला बसला. आकडा तळाला लागत होता, डब्याला लागत नव्हता. मागं सावली पडली म्हणून त्यानं वळून पाहिलं. फाटकात सत्यम उभा होता.

सत्यमनं पेवाकडं पाहिलं, दोरीकडं पाहिलं. "कपाट," तो म्हणाला.

इंद्रजीतनं रिकामा आकडा वर ओढून घेतला.

"बाटल्या खाली आहेत?"

"हो. डबा सुटला."

"रागवायचं ते नंतर रागवेन तुला." सत्यम आपल्या जीपकडं गेला. वीज खात्याच्या माणसाच्या गाडीत दोर असतोच. जाड, पांढरा दोर त्यानं कमरेला बांधला आणि दुसरं टोक इंद्रजीतच्या हातात दिलं. "धर. दोनदा ओढलं की वर घे. बाबांची हीच खूण होती, आई सांगते."

तो काठावर बसला. एक पाय आत सोडून त्यानं खाच चाचपली.

इंद्रजीतच्या हातात दोर होता. आधी कंदील सोडायचा असतो, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की मागचं सगळं बोलल्यासारखं होत होतं. बाप, चहा, पिऊन उतरला. बशीसकट कप. लाज अशी वाटत होती की आपणच आत उडी टाकावी.

सत्यमनं दुसरा पाय आत घेतला.

"थांब," इंद्रजीत म्हणाला. "कंदील. आधी कंदील सोडायचा असतो."

सत्यम थांबला. वर बघत राहिला.

"का?"

"आत हवा नसते."

"हे तुला ठाऊक आहे?"

"हो."

"तुझ्या वडलांना होतं?"

"होतं."

"बाबांच्या वेळी सोडला होता?"

"नाही," इंद्रजीत म्हणाला. "आणि ते प्यालेले नव्हते."

सत्यम हळूहळू वर आला. कमरेची गाठ त्यानं सोडली. दोराचं टोक काठावर ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर इंद्रजीतला त्या गोड लागल्या असत्या.

दारातून मनकर्णाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात कंदील होता. रॉकेल आजकाल मिळतं कुठं, तरी तो काठोकाठ भरलेला होता, काच लख्ख पुसलेली होती, आणि वात पेटलेली होती. सत्यमकडं न बघता त्यांनी तो खाली ठेवला. "मी चहा टाकते," त्या म्हणाल्या आणि घाईघाईनं आत गेल्या.

इंद्रजीतनं त्याच पांढऱ्या दोरानं कंदील बांधला आणि सोडला. उजेड भिंतीवरून खाली सरकत गेला. एकेक खाच दिसायची आणि वर निघून जायची. माणूसभर खोलीवर वात मिणमिणली. आणखी जरा खाली गेल्यावर ती आपली आपण विझली.

"पोचायच्या आत संपलो असतो मी," सत्यम म्हणाला.

इंद्रजीतनं मान हलवली.

"घे वर."

त्यानं दोराला हात घातला, आणि खालून दोराला दोन हिसके बसले.

कंदील अडकला असेल, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. सत्यमनंही दोर हलताना पाहिला होता.

"चहा झाला रे," आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला. "या आत."

कुणी हललं नाही.

पुन्हा दोन हिसके.

सत्यम पेवाच्या काठाशी मांडी घालून बसला. "सोडू नकोस," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात.

इंद्रजीतनं मनगटाला दोराचा वेढा घेतला आणि ओढायला लागला. कंदिलाचं वजन असून असून किती असणार. हातभर दोर हलका आला. मग तो जड झाला, आणि खाली अंधारात, भिंतीच्या खाचेत, कुणीतरी पाय रोवल्याचा आवाज आला.