दुधावरची छाप

मशीनमध्ये कपडे टाकताना हेमांगीने आपला ब्लाउज सवयीने नाकाशी नेला आणि तिथेच थबकली. वास घामाचा होता, दुधाचा होता, पण तिचा नव्हता. एरवी माणसाला स्वतःचा वास येत नाही, येतो तो दुसऱ्याचा. गेले काही दिवस हेमांगीला स्वतःचाच वास यायला लागला होता.

"सुजय, हा ब्लाउज कुणाचा?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आपल्या घरात ब्लाउज घालणारं तुझ्याशिवाय कोण आहे? मी?"

ती हसली खरी, पण तो ब्लाउज तिने बाकीच्या कपड्यांत टाकला नाही. बाळंतपणानंतर बायकांना काहीबाही वाटतं, असं सगळेच म्हणतात. ते म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं!

निहार जन्मला तेव्हा तिला दूधच आलं नव्हतं. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले. सासूबाईंनी पदार्थांचा आणि सल्ल्यांचा नुसता मारा केला. दूध येईना. शेवटी तिने मिरजेच्या दूधपेढीचा रस्ता धरला. ज्यांना दूध जास्त आहे त्या बायका तिथे ते देतात आणि ज्यांच्या बाळांना मिळत नाही त्यांना ते मिळतं. तिथल्या डॉ. शमीम मुजावर यांनी तिची तपासणी केली आणि पडद्यावर तिच्याच पेशींचं चित्र दाखवलं.

"खाण्यात काही चूक नाही तुझ्या," डॉक्टर म्हणाल्या. "पेशीत दुधाची प्रथिनं तयार होताहेत. पण तयार झाली म्हणजे बाहेर पडली असं नसतं. मध्ये एक बांधणीघर लागतं. हे बघ, चपट्या पिशव्या, भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक. गॉल्जी म्हणतात याला. कच्चं प्रथिन एका बाजूने आत येतं. थराथरांतून जाताना त्याला साखरेचे बारीक मणी जोडले जातात. कुणी पेशीतच राहायचं, कुणी बाहेर जायचं, हे तिथे ठरतं. मग शेवटच्या थरातून पुडी बांधून रवानगी. तुझ्याकडे माल आहे गं, पुड्याच बांधल्या जात नाहीत."

उपाय नवा होता. डॉक्टर त्याला 'वेष्टणी' म्हणत. एखाद्या निरोगी बाईच्या बांधणीघराची हुबेहूब नक्कल प्रयोगशाळेत वाढवायची आणि चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून ती दुधाच्या पेशींत सोडायची. नमुनाही दूधपेढीतच मिळे, कारण आईच्या दुधात तिच्या जिवंत पेशी असतात. फक्त नमुना कुणाचा हे कळत नसे. देणारीचं नाव घेणारीला सांगायचं नाही, घेणारीचं देणारीला नाही, असा पेढीचा नियम होता. डॉ. मुजावर यांना तो नियम मनातून कधीच पटला नव्हता. त्यांच्या घरात एका बाईचं दूध प्यालेली मुलं बहीणभाऊ ठरत, त्यांच्यात सोयरीक होत नसे. त्यामुळे दूध कुणाचं हे माहीत असावंच लागे. पण नियम तो नियम, म्हणून त्या गप्प राहिल्या.

वेष्टणीची सुई टोचली आणि हेमांगीला दूध आलं. ते टिकावं म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा सुई घ्यावी लागे. पहिल्यांदा पाजायला घेतलं तेव्हा निहारने अंग ताठ केलं, तोंड फिरवलं आणि परक्याच्या मांडीवर दिल्यासारखा आकांत मांडला. बाटलीची सवय, दुसरं काय, असं म्हणून सासूबाईंनी विषय संपवला. पुढे तो रुळला. दूध इतकं येऊ लागलं की उरलेलं ती त्याच पेढीला देऊ लागली. घेतलं तिथेच परत द्यायला मिळतंय याचा तिला फार आनंद होता.

आणि मग डॉक्टरांचा फोन आला. "निहारला घेऊन ये. घाबरण्यासारखं काही नाही," असं त्या अशा आवाजात म्हणाल्या की हेमांगी घाबरलीच.

डॉक्टरांच्या खोलीत पन्नाशी उलटलेली एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर एक तान्ही मुलगी होती. मुलगी कसली, नुसते डोळे. मनगटं काडीसारखी.

"या मंगलताई, म्हैसाळच्या," डॉक्टर म्हणाल्या. "ही त्यांची नात. हिची आई ऋतुजा, म्हणजे यांची लेक, हायवेवर अपघातात गेली. तेव्हापासून पोरीच्या पोटात दुसरं कुठलंच दूध ठरेना."

"पावडरीचं न्हाई, गाईचं न्हाई, हितल्या बायकांचं न्हाई," मंगलताई म्हणाल्या. "तोंडाला लावलं की वकायची. सलाईनवर जगवली. परवा हितली एक बाटली दिली, तर सगळी पिली बघा. पिली आन् झोपली. आई गेल्यापास्नं अशी झोपलीच नव्हती."

"ती बाटली तुझी होती, हेमांगी," डॉक्टर म्हणाल्या.

"मग चांगलंच झालं की!"

"पुढचं ऐक. मला राहवलं नाही, म्हणून मी त्या दुधातल्या साखरा तपासल्या. प्रत्येक बाईच्या दुधात त्यांची जुळणी वेगळी असते. ती तिच्या बांधणीघराची छाप. बाटलीतलं दूध आम्ही तापवून देतो, पण तापवूनही ती छाप जात नाही. या दुधावर तुझी छाप नाही, तुला टोचलेल्या वेष्टणीची आहे. नमुना कुणाचा होता, ते मी नियम मोडून शोधलं. बाळंतपणानंतर एका बाईने इथे दूध दिलं होतं. ती ऋतुजा होती."

जिचं तोंडही पाहिलं नाही अशी एक मेलेली बाई आपल्या आत बसून रोज काम करते आहे. ही कल्पना हेमांगीला सहन होईना. इथून उठून पळावं असं तिला वाटलं.

तेवढ्यात त्या पोरीने मान वळवली. नजर अजून धड ठरत नव्हती तिची, पण तोंड मात्र हेमांगीच्या दिशेने शोधू लागलं. हेमांगीच्या पदराखाली आपोआप ओल पसरली. मंगलताईंनी काही मागितलं नाही. त्या फक्त बघत राहिल्या, आणि त्या बघण्यापुढे नाही म्हणायची हेमांगीची छाती झाली नाही. झोपलेल्या निहारला डॉक्टरांच्या हाती देऊन तिने पोरीला जवळ घेतलं. पोर अशी पिऊ लागली की जणू कधी खंड पडलाच नव्हता.

"हे दुधापुरतंच आहे ना, डॉक्टर?" हेमांगीने हळूच विचारलं. "माझ्या अंगाला वेगळाच वास येतो हल्ली."

"वासाचं मला सांगता येणार नाही. पण वेष्टणी दुधाच्या पेशींतच राहायला हवी होती. मागे तुझी लाळ घेतली होती, तिच्यातही थोडी छाप सापडली. पेशीच्या अंगावर बाहेरून साखरांचा थर असतो. तोही बांधणीघरच चढवतं. त्यावरून पेशी एकमेकींना ओळखतात."

"म्हणजे माझ्या पेशी मला तिच्या नावाने ओळखायला लागल्यात?"

"काही पेशी. थोड्या."

हेमांगीने पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"उद्या तुझी पुढची सुई आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्या एका बाईच्या नमुन्याची वेष्टणी तयार आहे. तिची मला माहिती आहे, ती दुधापलीकडे पसरत नाही. ती घेतलीस तर निहारचं दूध चालू राहील आणि ऋतुजाची छाप हळूहळू पुसली जाईल."

"आणि हिचं काय?"

"वरचं अन्न सुरू व्हायला अजून बरेच महिने आहेत. तोवर ही दुसरं दूध घेईल की नाही, मला माहीत नाही."

"आणि मी हीच वेष्टणी चालू ठेवली तर?"

"तुझ्यात ती कुठवर पसरेल, तेही मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? आमच्या घरी हिशोब सोपा होता. जिचं दूध प्यालं ती आई, तिची मुलं ती भावंडं. निहार आणि ही आता भावंडं झाली, एवढं मी छातीठोक सांगते. पण आई कोणती, असं मला कुणी विचारू नये."

मंगलताईंना यातलं किती कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या जिवावर बेतत आसंल तर नगं. माझी एक लेक गेली. दुसऱ्याची घालवून मी काय करू?"

त्या बोलण्याने हेमांगीला रडू आलं. हट्ट केला असता, पाया पडल्या असत्या, तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

पोर पोटभर पिऊन झोपली. गालाला थोडी लाली आली होती. तिला उचलून घ्यायला मंगलताई वाकल्या. पोरीकडे जाणारा त्यांचा हात मध्येच हेमांगीच्या केसांवर आला आणि कपाळावरच्या बटा मागे सारू लागला. सवयीचा, सावकाश हात.

"जेवलीस का गं, ऋतू?" त्या म्हणाल्या.

आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी हेमांगी आहे, मावशी, असं सांगायला हेमांगीने तोंड उघडलं.

"हो, आई," ती म्हणाली. "जेवले."

दयेपोटी बोललो, असं तिने स्वतःला समजावलं. दुसरं काय असणार? मग मंगलताईंनी हात काढून घेतला, तेव्हा तो अजून थोडा वेळ तिथेच राहावा असं तिला इतक्या कळवळून का वाटलं?